निमे वेतन ते ग्रॅच्युइटी: सेवेत असताना मृत्यू आला तर कुटुंबाला किती?

१/ ठाण्याहून नाशिकच्या दिशेने निघाल्यावर खारेगावची खाडी ओलांडली की थोड्याच वेळात मानकोली नाका लागतो. भिवंडी तालुक्यातील हे गाव एके काळी भातखाचरांचे होते; आज ते पत्र्याच्या अजस्र गोदामांसाठी ओळखले जाते. मानकोली, दापोडे, पूर्णा, वळ या पट्ट्यात मुंबई महानगराचा माल उतरतो, साठतो आणि पुढे जातो. अशा एखाद्या गोदामात काम करणारा तिशीतील तरुण नोकरीच्या तिसऱ्या वर्षी घरी झोपेतच गेला, तर त्याच्या पत्नीला ग्रॅच्युइटी मिळते का? मिळत असल्यास किती? आणि तो आकडा नेमका कोठून आला? आजचा थ्रेड या हिशोबाच्या इतिहासाविषयी आहे.

२/ पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात: मिळते. ‘पाच वर्षे भरली नाहीत, मग काही नाही’ हे वाक्य अनेक विधवांना कार्यालयाच्या दारात ऐकावे लागते आणि ते चुकीचे आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या चौथ्या कलमातच परंतुक आहे की मृत्यू किंवा अपंगत्वामुळे सेवा संपली असेल, तर सलग पाच वर्षांची अट लागू होत नाही. हे परंतुक मुळापासून कायद्यात आहे, नंतरच्या दुरुस्तीने आलेले नाही. शिवाय मृत्यू कामावर असतानाच यावा, अशीही अट नाही. माणूस नोकरीत असला म्हणजे पुरे; मग मृत्यू आजाराने येवो, अपघाताने येवो वा वार्धक्याने.

३/ आता हिशोब. शेवटचे मासिक वेतन (मूळ वेतन अधिक महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. सहा महिन्यांहून अधिक असलेला शेवटचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा, त्याहून कमी असल्यास सोडून द्यायचा.

समजा वेतन १८,२०० रुपये आणि सेवा २ वर्षे ७ महिने.
१८,२०० ÷ २६ = ७००
७०० × १५ = १०,५००
१०,५०० × ३ = ३१,५०० रुपये.

सेवा २ वर्षे ५ महिने असती, तर २१,००० रुपये. गणित इयत्ता पाचवीचे आहे. तथापि त्यातील १५, २६, ‘अधिक महागाई भत्ता’ आणि ती वगळलेली पाच वर्षे, या प्रत्येकामागे एकेक भांडण दडलेले आहे.

४/ थोडे मागे जाऊ या. चाकरीत माणूस मेला तर मागच्यांचे काय, हा प्रश्न कारखान्यांच्या पुष्कळ आधीचा आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची (१६५९) व्यवस्था सांगितली आहे. जे कामास आले, त्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन चालवावे. ज्यांना मुलगा नाही, त्यांच्या बायकांना निमे वेतन द्यावे. जखमींना जखम पाहून दोनशे होनांपासून पंचवीस होनांपर्यंत द्यावे, असा त्याचा आशय.

५/ येथे एक सावधगिरी. सभासदाने हे सुमारे पस्तीस वर्षांनी लिहिले, आणि बखरकाराला आपल्या धन्याची थोरवी सांगायची असते. प्रत्येक विधवेला निमे वेतन खरोखर पोहोचलेच, असा पुरावा म्हणून ही नोंद वापरणे धाडसाचे ठरेल. मात्र चांगल्या राज्याने काय करावे, याविषयी सतराव्या शतकाच्या अखेरची मराठी कल्पना काय होती, हे ती स्वच्छ सांगते. त्या कल्पनेत मेलेल्याने किती वर्षे चाकरी केली, हा प्रश्न येतच नाही. मोजले जाते ते एवढेच: मागे कोण उरले?

६/ पेशवाईच्या कागदपत्रांत यासाठी एक सुंदर शब्द आहे: बालपरवेशी. लढाईत वा चाकरीत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या संगोपनासाठी सरकारातून मिळणारी नेमणूक. पानिपतानंतर (१४ जानेवारी १७६१) असे प्रसंग घरोघरी उभे राहिले होते. मानकोलीच्या शेजारचे अंजूर गाव आठवा. वसईच्या मोहिमेत (१७३७-३९) पुढाकार घेणाऱ्या गंगाजी नाईक अंजूरकरांचे ते गाव. त्या मोहिमेत वसईच्या तटाखाली किती माणसे पडली, याची वर्णने आपण वीररसात वाचतो. त्यांच्यामागे राहिलेल्या घरांचा हिशोब सरकारी रोजकीर्दीत शोधावा लागतो, आणि तो वाचायला कुणी सहसा जात नाही.

७/ अर्थात बालपरवेशी हा हक्क नव्हता. ती धन्याची मर्जी. मागावी लागे, मंजूर व्हावी लागे आणि धनी बदलला की पुन्हा मागावी लागे. ईस्ट इंडिया कंपनीतही फार वेगळे नव्हते: १७७० मध्ये उभा राहिलेला ‘लॉर्ड क्लाइव्ह फंड’ कंपनीच्या लष्करातील अपंग झालेल्यांना आणि विधवांना मदत देई, आणि त्याचे मूळ भांडवल मीर जाफरने क्लाइव्हला ठेवलेले पाच लाख रुपये होते. बंगालच्या नवाबाचा पैसा इंग्रज विधवांच्या पोटाला. इतिहासात असे हिशोब पुष्कळ सापडतात.

८/ ‘ग्रॅच्युइटी’ या शब्दाच्या पोटातही हीच मर्जी बसलेली आहे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ प्रसन्न, कृतज्ञ. खूश होऊन दिलेली देणगी ती ग्रॅच्युइटी. शासकीय मराठीत आपण तिला ‘उपदान’ म्हणतो. तेथेही ‘दान’ आहेच. विसाव्या शतकातील कामगार चळवळीने या शब्दातून दान काढून टाकले, शब्द मात्र तोच राहिला.

९/ मुंबईच्या गिरण्यांकडे वळू या. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच दिवस, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. आणि पाचवी मागणी अशी की कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी.

१०/ मृत्यूविषयी त्या निवेदनात मागणी नाही. यावरून लोखंड्यांना दोष देणे अनैतिहासिक होईल. पगारच वेळेवर मिळत नसलेल्या माणसाने मरणोत्तर हक्काची भाषा करावी, ही अपेक्षाच अवाजवी. तरी त्यांच्या पहिल्या मागणीचा आपल्या हिशोबाशी थेट संबंध आहे. तो पुढे येईल. रविवार लक्षात ठेवा.

११/ मृत्यूची किंमत कायद्याने प्रथम ठरवली ती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. कामावरील अपघातात प्रौढ कामगार मेला, तर तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल ती. अल्पवयीन कामगार मेला, तर २०० रुपये. सरसकट दोनशे. हा आकडा वाचताना जरा थांबावे. जे मूल कारखान्यात कामाला घेतले जात होते, त्याचे मरण प्रौढाच्या कमाल किमतीच्या साडेबाराव्या हिश्शात बसवले गेले होते.

१२/ या कायद्यात वेतन मोजले गेले, सेवेची वर्षे नाहीत. पहिल्या दिवशी यंत्रात सापडला काय किंवा विसाव्या वर्षी काय, रक्कम तीच. पुढे १९८४ च्या दुरुस्तीने त्यात वयही आले. आजचे सूत्र असे की निम्मे वेतन गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. आणि कामगार जितका तरुण तितका गुणक मोठा, कारण बुडालेली कमाईची वर्षे अधिक. तिशीतल्या माणसाचा गुणक २०७.९८. हिशोबासाठी धरल्या जाणाऱ्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर ही भरपाई १५,५९,८५० रुपये होते. (राज्य विमा योजनेत नोंद असलेल्यांना हे न मिळता त्या योजनेतून अवलंबितांना मासिक लाभ मिळतो.)

१३/ आता तिसऱ्या पोस्टमधील ३१,५०० शेजारी ठेवून पाहा. मृत्यू कामामुळे आला, तर साडेपंधरा लाख. घरी हृदयविकाराने आला, तर साडेएकतीस हजार. दोन्ही कायदे आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत. एक नुकसान मोजतो, दुसरा सेवा. घरात मागे राहिलेल्या बाईसाठी मात्र नुकसान एकच आहे.

१४/ ग्रॅच्युइटी सेवा का मोजते? कारण कामगारांनी ती तशी मोजून घेतली. चाळीस-पन्नासच्या दशकांत ग्रॅच्युइटी कायद्याने नव्हे, तर औद्योगिक न्यायालयांच्या निवाड्यांनी मिळत असे. प्रत्येक धंद्याची योजना निराळी. मालकांचा युक्तिवाद ठरलेला असे: ही बक्षिसी आहे, देणे आमच्या इच्छेवर. १९६१ मध्ये गार्मेंट क्लीनिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ग्रॅच्युइटी ही मेहेरबानी नव्हे, कामगाराने केलेल्या सेवेबद्दल ती दिली जाते. एकदा मिळवली की सहजासहजी हिरावता येत नाही, असा निकालाचा रोख होता.

१५/ माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील हा निर्णायक वळणबिंदू आहे, आणि त्याला दोन बाजू आहेत. ‘मी मिळवलेले’ म्हटल्यावर कुणापुढे हात पसरण्याची गरज उरली नाही. पण ‘मिळवलेले’ म्हटल्यावर ते किती मिळवले हेही मोजावे लागते, आणि मोजमाप सेवेच्या वर्षांचे. दीर्घ सेवेनंतर निवृत्त होणाऱ्याला हे सूत्र न्याय देते. तरुणपणी मरणाऱ्याने फारसे ‘मिळवलेले’ नसते, म्हणून त्याच्या घरी फारसे जातही नाही. बालपरवेशी ही मर्जी होती खरी. पण ती मागे उरलेली लेकरे मोजत असे. हक्क आला आणि लेकरांची मोजणी हिशोबातून निघाली.

१६/ हे अपरिहार्य होते का? तुलना करून पाहा. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन नियमांत ‘मृत्यू उपदान’ स्वतंत्र आहे आणि ते पायऱ्यांनी चढते. सेवा एक वर्षाहून कमी असल्यास मासिक वेतनाच्या २ पट; एक ते पाच वर्षे, ६ पट; पाच ते अकरा, १२ पट; अकरा ते वीस, २० पट; त्यापुढे प्रत्येक पूर्ण सहामाहीस अर्धे वेतन, कमाल ३३ पट.

आपल्या १८,२०० रुपये वेतनाच्या तरुणाला हा नियम लावला असता, तर १,०९,२०० रुपये झाले असते. ग्रॅच्युइटी कायद्याखाली सहा महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम होण्यास साडेदहा वर्षांहून अधिक सेवा लागते. तीस वर्षांच्या सेवेनंतर मात्र हे अंतर बरेच आटते: ३,१५,००० विरुद्ध ५,४६,०००. म्हणजे खासगी कामगाराचे सर्वाधिक नुकसान होते ते अकाली मृत्यूतच.

१७/ सरकारी चाकरीने जुन्या राज्यकर्त्यांची पद्धत, चाकराच्या घराची जबाबदारी धन्यावर, नव्या नियमांत टिकवून ठेवली. कारखान्याने वेतनाची भाषा घेतली. एकाच शब्दाखाली दोन वंश नांदत आहेत. वृत्तपत्रांतील ‘ग्रॅच्युइटीचे नियम’ छापाच्या लेखांत हा भेद न सांगता दोन्ही सरमिसळ केलेले असतात, आणि मग वाचक भलत्याच आकड्याची अपेक्षा घेऊन कार्यालयात जातो.

१८/ आता सूत्रातील उरलेली भांडणे. प्रथम ‘अधिक महागाई भत्ता’. मुंबईच्या गिरण्यांत १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने किमान मूळ वेतन २६ कामाच्या दिवसांच्या महिन्याला ३० रुपये ठरले. मूळ वेतन जवळजवळ तेथेच राहिले आणि महागाई भत्ता वाढत वाढत त्याच्या पुढे गेला. ग्रॅच्युइटी मात्र मूळ वेतनावर! दिल्ली क्लॉथ मिल्सच्या खटल्यात १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कापडधंद्यातील प्रथा म्हणून मूळ वेतनच मान्य केले. १९७२ च्या कायद्याने वेतनाच्या व्याख्येत महागाई भत्ता घातला आणि ही रक्कम एका फटक्यात दुपटीच्या वर नेऊन ठेवली. घरभाडे भत्ता, बोनस, जादा कामाचा पगार बाहेर राहिले ते राहिलेच.

१९/ कायदा होण्यापूर्वी केरळ आणि पश्चिम बंगाल यांनी आपापले राज्य-कायदे केले होते; सर्वत्र एकच नियम हवा म्हणून केंद्राने विधेयक आणले. त्या वेळी केंद्रीय श्रममंत्री होते बारामतीचे खासदार र. के. खाडिलकर. १६ सप्टेंबर १९७२ रोजी कायदा लागू झाला. तेव्हा तो दरमहा १,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच होता आणि कमाल रक्कम होती २० महिन्यांचे वेतन. वेतनाची मर्यादा १९९४ मध्ये गेली. कमाल रकमेचा आकडा पुढे चढत गेला: ५०,००० (१९८७), १ लाख, साडेतीन लाख, १० लाख (२०१०), २० लाख (२०१८).

२०/ आणि आता तो रविवार. कायद्याने वर्षाला ‘पंधरा दिवसांचे वेतन’ म्हटले, पण एका दिवसाचे वेतन कसे काढायचे ते सांगितले नव्हते. मालक म्हणत, महिना तीस दिवसांचा. पंधरा दिवस म्हणजे अर्धा पगार. कामगार म्हणत, आम्ही महिन्यात २६ दिवस राबतो, चार रविवार सुटीचे. पगार त्या २६ दिवसांचा. १९८० मध्ये दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २६ ग्राह्य धरले आणि १९८७ च्या दुरुस्तीने ते थेट कायद्यात लिहिले गेले.

२१/ फरक किती? १८,२०० ÷ ३० × १५ = ९,१००. १८,२०० ÷ २६ × १५ = १०,५००. सेवेच्या दर वर्षामागे १,४०० रुपये. लोखंड्यांच्या चळवळीने १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुटी मिळवली. नव्वद वर्षांनी त्याच रविवारने ग्रॅच्युइटीचा भागाकार बदलला. लोखंडे स्वतः १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना गेले.

२२/ तिसरे भांडण सोलापूरचे. लक्ष्मी विष्णू मिलच्या कामगारांच्या खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्या वर्षी कामगाराने प्रत्यक्ष २४० दिवस काम केले नाही, ते वर्ष ग्रॅच्युइटीत धरायचे नाही. बदली कामगार तर त्यात भरडलेच. सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. त्यांचे दिवस भरणार कसे? पण कायम कामगारांचीही वर्षे गळू लागली. १९८४ मध्ये संसदेने ‘अखंड सेवे’ची व्याख्या बदलली आणि कायम कामगारांना त्यातून सोडवले. बदलीवाल्यांची अडचण २४० च्या आकड्यासह पुष्कळशी तशीच राहिली.

२३/ भिवंडीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचे कापड मोठ्या प्रमाणावर येथील यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. यंत्रमाग कामगाराला महिन्याचा पगार नसतो. जितके मीटर कापड, तितका दाम. अशांसाठी कायदा सांगतो की सेवा संपण्याच्या लगतच्या तीन महिन्यांच्या कमाईची सरासरी घ्या.

निवृत्तीच्या वेळी हे ठीकच आहे. मृत्यूच्या बाबतीत विचार करा. क्षयाने किंवा कावीळीने खंगत गेलेला विणकर शेवटचे तीन महिने किती मीटर काढील? त्या तीन महिन्यांची घसरलेली सरासरी त्याच्या वीस वर्षांच्या सेवेला गुणते. अपंगत्वानंतर कमी पगारावर काम करणाऱ्यासाठी कायद्याने काळजी घेतली आहे: आधीची वर्षे आधीच्या पगाराने मोजायची. हळूहळू मरणाऱ्यासाठी तसे कलम नाही.

२४/ त्याच्याही आधी दहाचा आकडा आडवा येतो. विजेवर चालणारा कारखाना किंवा दुकान-आस्थापना दहा माणसांची असेल तरच कायदा लागू. एकाच छपराखालचे माग कागदोपत्री वेगवेगळ्या नावांनी दाखवायचे, ही यंत्रमागाच्या धंद्यातील जुनी रीत. एकदा लागू झालेला कायदा नंतर माणसे कमी झाली तरी सुटत नाही, हे १९८४ पासून स्पष्ट आहे. पण कागदावर दहा कधी झालेच नाहीत, तर सुटण्याचा प्रश्नच येत नाही.

२५/ पुन्हा मानकोलीच्या गोदामांकडे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, महामार्गाला लागून आणि बंदरापासून फार दूर नाही, म्हणून ही गोदामे येथे आली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने जकात संपवली, तरी ती गेली नाहीत, उलट वाढली. येथील अडचण दहाच्या आकड्याची नाही. माणसे शेकड्यांनी आहेत. अडचण अशी की मालक कोण? गोदाम एकाचे, माल दुसऱ्याचे, व्यवस्थापन तिसऱ्याचे, आणि कामगार चौथ्याच ठेकेदाराच्या हजेरीपटावर. ठेकेदार बदलला, ओळखपत्र नवे आले, की सेवा कागदावर पुन्हा शून्यापासून. जिवंत माणूस निदान सांगू शकतो की मी येथेच सहा वर्षे आहे. तो गेल्यावर ते सांगायला राहतात पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीची नोंद आणि बँकेचे पासबुक.

२६/ या कोड्यावर महाराष्ट्राने ग्रॅच्युइटी कायद्याच्याही आधी एक उत्तर शोधले होते, आणि त्याविषयी आपण इतिहासवाले फार कमी बोलतो. १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथ्यावर ओझी वाहणाऱ्या हमालांनी तो मिळवला. हमालाचा धनी रोज बदलतो. सकाळी एक व्यापारी, दुपारी दुसरा. म्हणून कायद्याने मंडळ उभे केले. माथाडीची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि व्यापाऱ्याने मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार आणि ग्रॅच्युइटी. धनी बदलला तरी सेवा तुटत नाही, कारण सेवा मंडळाच्या वहीत असते. नोंदीत माथाडी गेला तर वारसाला त्याची वर्षे सिद्ध करावी लागत नाहीत. ठेकेदारी कामगारासाठी अशी वही कुणी ठेवलेली नाही.

२७/ २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९७२ चा कायदा तिच्यात विलीन झाला. मुदतबंद नेमणुकीवरील कामगाराला आता एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. म्हणजे मूळ वेतन नाममात्र ठेवून बाकी सारे भत्त्यांत दाखवण्याची युक्ती बरीचशी बोथट झाली. अठराव्या पोस्टमधील भांडणाचा हा पुढचा अंक. मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची सूट कायम आहे. १५, २६ आणि सेवेच्या वर्षांचा गुणाकारही कायम आहे.

२८/ ज्यांच्या घरी हा प्रसंग आला असेल, त्यांच्यासाठी चार ओळी. १९७२ च्या नियमांत मृत कामगाराच्या नामनिर्देशिताचा अर्ज नमुना ‘जे’, वारसाचा ‘के’. नामनिर्देशिताने साधारण तीस दिवसांत आणि वारसाने वर्षभरात अर्ज करावा, असे नियम सांगतात. मात्र पुरेसे कारण असल्यास उशिराचा अर्ज केवळ उशीर झाला म्हणून नाकारता येत नाही. रक्कम देय झाल्यापासून मालकाने तीस दिवसांत द्यायची, नंतर व्याज. न दिल्यास दाद नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे. कुटुंब असताना कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचे केलेले नामनिर्देशन रद्दबातल असते. कामगार भविष्यनिर्वाह निधीचा सदस्य असेल, तर १९७६ पासूनची ठेव-संलग्न विमा योजनाही पाहावी. तिचा हप्ता मालक भरतो, म्हणून घरच्यांना ती बहुधा ठाऊकच नसते.

२९/ आणि एक छोटे परंतुक, जे मला कायदा वाचताना शेवटी सापडले. मृत कामगाराचा वारस अज्ञान असेल, तर त्याच्या वाट्याची रक्कम मालकाने नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जमा करायची. प्राधिकाऱ्याने ती त्या मुलाच्या हितासाठी बँकेत मुदत ठेवीत ठेवायची, मूल सज्ञान होईपर्यंत. रक्कम सेवेच्या वर्षांनीच ठरलेली असते, कदाचित साडेएकतीस हजारांतील एक हिस्सा. पण त्या नोंदीत बापाची चाकरी किती झाली याच्या शेजारी मुलाचे वयही लिहिलेले असते.